लहान मुलांचे लेखन आणि शब्दसंपत्ती : पाने गिरवावीत की याद्या लिहाव्यात?

हरिपूर_रस्ता

माझी मुलगी पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. सांगलीतील एका बालवाडीच्या मोठ्या गटात ती जाते. तिला रोज दुरेघी वहीत एक अक्षर पानभर काढून न्यावे लागते. त्या एका पानाला आमच्या घरी साधारण अर्धा तास, दोन वेळा पाणी पिणे आणि एकदा रडणे एवढा खर्च येतो.

मागच्या रविवारी मी किराण्याची यादी करत होते. ती शेजारी जुन्या कॅलेंडरचे पान पालथे घालून बसली आणि तिनेही लिहायला घेतले. मी पाहिले तेव्हा पानावर डावीकडून उजवीकडे गेलेल्या तीन नागमोडी ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढलेली होती. काय लिहिलेस असे विचारल्यावर तिने बोट ठेवून वाचून दाखवले, “तूरडाळ. बेदाणे संपले. आणि ते काळं काळं, फोडणीत उडतं ते.” मोहरी हा शब्द तिला आठवत नव्हता. मी तो सांगितला, तेव्हा तिने तिसरी ओळ खोडली, नवी ओढली आणि ‘मोहरी’ असे म्हणत तिच्यावरही डोकेरेघ दिली. या कामाला तिला कोणी बसवले नव्हते आणि ती रडलीही नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. अक्षरे येत नसताना मूल जे ‘लिहिते’ त्याला लेखन म्हणावे का? आणि अशा लेखनातून मुलांची शब्दसंपत्ती खरोखर वाढते, की तो माझा भाबडा समज आहे? आपापल्या घरात किंवा वर्गात काय केले ते सविस्तर लिहावे. कृपया मोबाईलवरची ॲप सुचवू नयेत.

लंगडा_घोडा

आमच्या चिरंजीवांनी लेखनासाठी दिवाणखान्याची नव्याने रंगवलेली भिंत निवडली होती. शब्दसंपत्ती वाढली, हे मी अनुभवाने सांगू शकतो. त्या दिवशी त्याने माझ्या तोंडून जे शब्द ऐकले ते त्याला पूर्वी ठाऊक नव्हते.

कोरेगावकर

जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षे काढली, त्यांतील बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गावर. त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो, तो गोड मानून घ्यावा.

गिरवण्याची हल्ली फार कुचेष्टा होते. आपल्याकडे धुळपाटीवर बोटाने अक्षरे काढण्याची चाल होती, म्हणून तर ‘धुळाक्षरे’ हा शब्द भाषेत राहिला. कामाच्या आरंभाला आपण आजही ‘श्रीगणेशा’ म्हणतो, कारण मुलाचा हात पहिल्यांदा त्याच अक्षरांवर फिरे. हाताला वळण लागले नाही तर पुढे चौथीत मुलाच्या डोक्यात दहा वाक्ये असतात आणि कागदावर तीन उतरतात. अशी मुले मी पाहिली आहेत. त्यांना सांगायचे पुष्कळ असे, पण हात साथ देत नसे.

मात्र हेही कबूल करतो की गिरवून अक्षर सुधारते, शब्द वाढत नाही. ‘अ’ शंभर वेळा काढला तरी त्यातून अडकित्ता कळत नाही. शब्द आधी कानावर पडायला हवा. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? तेव्हा ताई, तुमच्या मुलीच्या नागमोडी ओळींना मी लेखन म्हणणार नाही. ती लेखनाची नक्कल आहे, फार चांगली नक्कल आहे. शब्द तिला तुमच्या सांगण्यातून मिळाला, रेघेतून मिळाला नाही.

मिरजेची_माई

गुरुजींच्या ‘हात साथ देत नसे’ या वाक्यावरून लिहिते, कारण माझे रोजचे काम तेच आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि ‘अक्षर घाणेरडे येते’ या तक्रारीसाठी चार-साडेचार वर्षांची मुले माझ्याकडे आणली जातात.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेच्या, म्हणजे मऊ लवचीक हाडाच्या, रूपात असतात आणि एकेक करून टणक होत जातात, शेवटचे हाड तयार होईपर्यंत मूल दहा-बारा वर्षांचे झालेले असते. बोटांच्या बारीक हालचालींवरचा ताबाही या वयात हळूहळू येतो. दुरेघीतील ‘अ’ काढताना मूल रडते ते बहुतेक वेळा आळसामुळे रडत नाही. त्याचे खांद्यापासूनचे सगळे स्नायू त्या पेन्सिलीला धरून बसलेले असतात.

वळण लागावे असे वाटत असेल तर गुरुजींच्या धुळपाटीकडेच परत जावे. परातीत रवा पसरून बोटाने काढणे, भिंतीवरच्या फळ्यावर उभ्याने लिहिणे, खडूचा अगदी बारका तुकडा देणे. बारका तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप चिमटीत येतो. त्याखेरीज शेंगा फोडणे, वाटाणे सोलणे, वाती वळणे, चिमटीने रांगोळी सोडणे. ही कामे आपल्या शेजारी बसून होतात आणि ती करताना बोलणे होते. वाटाणे सोलताना माझ्या नातीला टरफल, देठ, दाणा, किडका, कोवळा, जून हे शब्द मिळाले. ‘जून’ म्हणजे महिना नव्हे, हे पटायला दोन दिवस लागले.

रुमणे

वाळवा तालुक्यातून लिहितो. घरचा ऊस आहे आणि गावात अजून एक गुऱ्हाळ चालते.

माझ्या मुलाला बालवर्गात उसाच्या चित्राविषयी बोलायला सांगितले होते. ‘ऊस गोड असतो, ऊस उंच असतो’ असे उत्तर अपेक्षित असावे. त्याने चिपाडाविषयी, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याविषयी, सांगायला सुरुवात केली, तेव्हा ‘पुस्तकातले सांग’ म्हणून त्याला खाली बसवण्यात आले. त्यानंतर आठवडाभर तो शाळेत बोलेना. शाळेचे नाव सांगत नाही, बाईंचा हेतू वाईट नव्हता.

मी शिक्षक नाही, म्हणून मला सुचले ते केले. त्याला गुऱ्हाळावर नेले आणि घरी आल्यावर मोठ्या कागदावर चित्र काढायला सांगितले. चित्र झाले की तो एकेका वस्तूवर बोट ठेवी आणि मी तिच्याशेजारी त्याने सांगितलेला शब्द लिही. चरक, रस, काहील, चुलवाण, चिपाड, मळी, गुळव्या. धूर जाणाऱ्या उंच गोष्टीला त्याच्याकडे शब्द नव्हता, तो ‘धुराची शिडी’ म्हणाला. मी ‘धुराडे’ सांगितले, पण त्याच्या हट्टामुळे कागदावर दोन्ही लिहिले. अडचण आली ती रव्यापाशी. आमच्याकडे गुळाच्या मोठ्या ढेपेला रवा म्हणतात. तो म्हणाला, “मग शिऱ्यातला रवा कुणाचा?” त्यावर आजी, आई आणि मी असे तिघे मिळूनही नीट उत्तर देऊ शकलो नाही. आधणाचेही तसेच. आधण म्हणजे चुलीवर ठेवलेले पाणी एवढेच मला ठाऊक होते. काहिलीत एका वेळी शिजणाऱ्या रसालाही आधण म्हणतात, हे मला चाळिसाव्या वर्षी मुलाच्या कागदामुळे कळले.

तो कागद भिंतीवर लावला आहे. तो काय वाचतो आणि काय पाठ म्हणतो हे मला सांगता येणार नाही, पण ‘काहील’ आणि ‘काकडी’ यांची सुरुवात सारखी आहे, हे त्याने स्वतः दाखवले.

संगमावर

सर्वांचे अनुभव मनोवेधक आहेत, पण एक शंका कायम आहे. रुमणे यांच्या मुलाला शब्द मिळाले ते गुऱ्हाळावर जाऊन आणि वडिलांशी बोलून. माईंच्या नातीला वाटाणे सोलून मिळाले. मग यात लेखनाचे काम काय? आम्ही कऱ्हाडला आमच्या दोन्ही मुलांना सहा वर्षांपर्यंत पेन्सिल दिली नाही, केवळ गोष्टी सांगितल्या आणि दोघांचेही बोलणे उत्तम आहे. कागदाविना जर तेच साधत असेल तर कागदाचे श्रेय काढून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

फलटणची_एक

संगमावर यांचा प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा लांबण लावते.

बोलणे वाऱ्यावर जाते. मूल ‘ते काळं काळं’ म्हणाले तरी आईला कळते, आई डबा पुढे करते आणि शब्दाची गरजच उरत नाही. यादीत मात्र ‘ते काळं काळं’ चालत नाही, हे त्या मुलीला कोणी न सांगता जाणवले आणि ती अडली. तिने ओळ खोडली, हा मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो. लिहिण्याने वेग मंदावतो, समोर माणूस नसतो, हातवारे उपयोगी पडत नाहीत, म्हणून मूल नेमका शब्द शोधते. शब्द संभाषणातूनच येतो हे मान्य, पण त्याची निकड कागद निर्माण करतो.

गुरुजींना एक नम्र उत्तर. तिच्या ओळी डावीकडून उजवीकडे गेल्या आणि तिने त्यांच्यावर शिरोरेघ दिली. याचा अर्थ आपली लिपी रेघेला टांगलेली असते, हे तिने पाहून टिपले आहे. एका गोष्टीसाठी एक ओळ, हेही तिला उमगले आहे. नक्कल म्हणा, पण नियम समजून केलेली नक्कल आहे. चार्ल्स रीड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९७१ साली असेच दाखवले होते. शाळेत न गेलेली मुले स्वतःच्या मनाने इंग्रजी शब्द लिहीत, तेव्हा ती ‘ट्रक’सारख्या शब्दाच्या आरंभी ‘च’च्या उच्चाराची अक्षरे घालत. मोठ्यांना ती चूक वाटे. वास्तविक इंग्रजीतला तो उच्चार कान देऊन ऐकला तर तो ‘च’च्या जवळचाच आहे, मुले मोठ्यांपेक्षा बारकाईने ऐकत होती.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांची पद्धत मला वर्गात फार उपयोगी पडली. मुलाने स्वतः मागितलेला शब्द त्या जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी त्याला तो ओळखता आला नाही तर कार्ड काढून टाकत, कारण तो शब्द त्याच्या जिवाचा नव्हता. मुले ‘भूत’सारखे शब्द मागत आणि ते एका दिवसात पक्के होत. माझ्या वर्गात ‘आई’ सर्वांनी मागितला, हे अपेक्षितच होते. त्यानंतरचे शब्द होते जेसीबी, विंचू आणि ‘धाकटा भाऊ नको’. शेवटचा एक शब्द नाही हे मला कळत होते, पण मी कार्ड दिले.

आमच्या गावात मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत वाचन शिकवताना सगळी मुळाक्षरे आणि बाराखडी पाठ होण्याची वाट पाहिली जात नाही. मोजकी अक्षरे आणि एखाद-दुसरी स्वरचिन्हे एकदम देतात आणि मूल त्यांतून लगेच अर्थाचे शब्द वाचू-लिहू लागते. पानभर ‘अ’ काढण्यात अर्थापाशी पोचायला महिने लागतात, ते येथे वाचतात.

संगमावर

ओळ खोडल्याचे माझ्या लक्षात आले नव्हते. पुन्हा वाचले. निम्मी शंका मागे घेतो, निम्मी ठेवतो.

कास_पठार

माझा प्रश्न थोडा निराळा आहे. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे आणि मनाने लिहितो, परंतु जसे बोलतो तसे लिहितो. परवा त्याने लिहिले, ‘मी लई पळालतो. मला पानी दिल.’ आमच्या साताऱ्याच्या घरी असेच बोलतात आणि मला त्याची लाज नाही. पण हे आताच दुरुस्त केले नाही तर पुढे गुण जातील, असे त्याचे वडील म्हणतात. लाल पेन फिरवावे का?

लंगडा_घोडा

लाल पेनाने मी शाळेत असताना इतका घायाळ झालो होतो की अजून ‘आशीर्वाद’ लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ टाळण्यासाठी ‘शुभेच्छा’ लिहितो.

कोरेगावकर

कास_पठार, लाल पेन फिरवू नका. हे मी, गिरवण्याची बाजू घेणारा माणूस, सांगतो आहे.

मी दुसरीच्या वर्गात एक युक्ती करत असे. मुलाने जे लिहिले त्याच्या खाली मी त्याला उत्तर लिही. तुमच्या मुलाला मी लिहिले असते, ‘तू खूप पळालास का? मग पाणी कोणी दिले?’ मूल उत्तर वाचण्यासाठी धडपडते, त्यात ‘पाणी’ त्याच्या डोळ्यांसमोरून जाते आणि काही आठवड्यांनी ‘ण’ आपोआप येतो. सर्वांचा येतो असे नाही, काहींना नंतर निराळे सांगावे लागते. पण लाल गोळे केलेल्या वहीत मूल पुढच्या वेळी कमी लिहिते आणि जे शब्द बिनचूक येतात तेवढेच वापरते. मग ‘धुराडे’ सोडून तो ‘घर’ लिहितो. शब्दसंपत्ती कागदावर आटते ती अशी. ‘लई’ तर मुळीच खोडू नये. ‘खूप’ त्याच्या शेजारी येऊन बसू द्यावा.

फलटणच्या बाईंनी शिरोरेघेचे दाखवून दिले ते माझ्या नजरेतून सुटले होते. पहिलीच्या वर्गावर बसलेल्या माणसाकडून ते सुटायला नको होते.

जतची_सेविका

मी अंगणवाडी चालवते. आमचे गाव कर्नाटकच्या सीमेजवळ आहे आणि निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. मूल पाण्याला ‘नीरु’ म्हणते, दुधाला ‘हालु’ म्हणते. तुम्ही सर्वजण मराठीतला नेमका शब्द शोधता आहात, माझ्याकडे आधी कोणत्या भाषेतला शब्द, हा प्रश्न असतो.

कागद पुरत नाही, म्हणून फरशीवर खडूने लिहिते. रोज सकाळी एक मूल काल घरी काय झाले ते सांगते आणि मी त्याचे एक वाक्य फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिते. शब्द कन्नड असेल तर तो देवनागरीत तसाच लिहिते आणि त्याच्या खाली मराठी शब्द लिहिते. मुले दोन्हींवरून उड्या मारतात. ‘हालु’वरून ‘दूध’वर उडी मारली की दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायचे, असा त्यांनीच नियम केला. पोषण आहार, वजन, उंची आणि नोंदवह्या यांतून जेवढा वेळ उरतो तेवढाच या खेळाला मिळतो. पालक मात्र विचारतात, ‘वहीत काहीच नाही, मग शिकवता काय?’ फरशी रोज पुसली जाते, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काही राहत नाही.

मिरजेची_माई

ताई, पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी शब्दावरून शब्दावर उडी मारणे हा उत्तम व्यायाम आहे, हे तुमच्या पालकांना माझ्या वतीने सांगा. मोबाईलने त्या फरशीचा रोज एक फोटो काढून ठेवा आणि महिन्याच्या पालकसभेत दाखवा.

पाचगणीची_वाट

एक छोटी भर घालते. भिलार हे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते, तेथे आम्ही मुलीला नेले होते. पुस्तके घराघरांत विषयवार ठेवलेली आहेत. तिचे लक्ष आतल्या पुस्तकांपेक्षा घरांबाहेरच्या पाट्यांवर. घरी आल्यावर तिने आमच्या खोल्यांना पाट्या केल्या. स्वयंपाकघराला ‘खाऊ साहित्य’, न्हाणीघराला ‘ओले साहित्य’. ‘साहित्य’ म्हणजे तिला काय वाटते हे आम्ही अद्याप विचारलेले नाही, कारण विचारले तर ती पाटी बदलेल अशी भीती वाटते.

हरिपूर_रस्ता

धागा काढून तीन आठवडे झाले. सर्वांचे मनःपूर्वक आभार, आणि वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

शाळेत जाऊन बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या की पाने त्यांनाही नको आहेत, पण वही कोरी राहिली तर पालकच तक्रार करतात. मागच्या वर्षी तक्रार करणाऱ्यांत मीही होते, हे मला तेव्हा आठवले. आता पानाऐवजी दोन ओळी, असे ठरले आहे. बाकीचे वळण परातीतल्या रव्यात चालले आहे. त्याचा शिरा होत नाही, याची सासूबाईंना हळहळ आहे.

शब्दांची कार्डे केली. पहिल्या आठवड्यात तिने नऊ मागितली, त्यांतील चार टाकून द्यावी लागली. ‘मोहरी’ राहिली. ‘आयर्विन पूल’ राहिला. ‘फूल’ हा शब्द मी सुचवला होता, तो दुसऱ्याच दिवशी गेला.

आणि ५० पैशांचे एक पोस्टकार्ड आणून वाईला माझ्या आईला पत्र लिहिले. निम्म्या कार्डावर तिच्या नागमोडी ओळी, निम्म्यावर तिने सांगितलेला मजकूर माझ्या अक्षरात. तिला आजीच्या अंगणातल्या झाडाविषयी लिहायचे होते, ‘सकाळी खाली पडतात ती पांढरी, दांडी केशरी’. प्राजक्त हा शब्द मी लगेच सांगितला नाही. फलटणच्या ताईंचे म्हणणे आठवून थांबले. तिने आधी ‘पडकी फुले’ लिहायला सांगितले, मग स्वतःच म्हणाली, “नको, आजीला वाटेल भिंत पडली.” मग मी शब्द दिला.

कार्ड पोचल्यावर आईचा फोन आला. तिला माझा मजकूर वाचता आला, पण नातीच्या ओळी वाचता येईनात, म्हणून तिने नातीलाच वाचायला सांगितले. माझ्यासमोर लिहिताना त्या ओळींचा अर्थ ‘आजी तू ये’ एवढाच होता. फोनवर तिने हवेत बोट फिरवत वाचले, “आजी तू ये, आणि येताना प्राजक्ताची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून आण, नाहीतर ती कोमेजतात.” कोमेजतात हा शब्द घरात कोणी वापरल्याचे मला आठवत नाही. सासूबाई म्हणतात, त्यांनी मेथीच्या जुडीविषयी बोलताना वापरला होता.

कोरेगावकर

ते कार्ड आईंना जपून ठेवायला सांगा आणि मागे तारीख घालायला सांगा. मी माझ्या मुलांची पहिली पाटी धुऊन टाकत आलो, म्हणून सांगतो.

जतची_सेविका

फोटो काढायला सुरुवात केली आहे. काल एका आईने फोटोत ‘हालु’ पाहिले आणि म्हणाली, “हे तर मलाही वाचता येतंय.”